दुधाची वाटी आधी बाजूला ठेवा

पावसाळा सरला की वस्तीतल्या कुत्र्या व्यायला लागतात, आणि थंडी पडली की आमच्या दारी पिल्ले यायला लागतात. कोणी पोत्यात घालून आणतो, कोणी शाळेच्या दप्तरात. एका मुलीने तर स्वेटरच्या आत छातीशी धरून आणले होते, आणि पिल्लाने तिथेच शी केली होती. पशुसंवर्धन खात्यात व्रणोपचारक म्हणून आम्ही नोकरीची सारी वर्षे काढली. निवृत्त होऊनही बराच काळ लोटला, पण ही गोष्ट वस्तीच्या कानी अजून पोहोचलेली नाही. ‘डॉक्टरकाका, पाहा न, कालपासून काहीच खाऊन नाही राहिलं,’ असे म्हणत मुले दारात उभी राहतात. आम्ही डॉक्टर नाही. जखमा धुतल्या, जनावर धरून ठेवले, डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले औषध पाजले, हेच आमचे काम. म्हणून या लेखात औषधाचे नाव आणि मात्रा आम्ही लिहिणार नाही. ते ज्याचे त्याने दवाखान्यात विचारावे. पण पिल्लाच्या पोटात काय जावे आणि काय जाऊ नये, एवढे सांगण्याइतका अनुभव आमच्या गाठीशी आहे, आणि सांगणे भाग पडले आहे.

भाग पडले ते गेल्या डिसेंबरातल्या एका पिल्लामुळे. आमच्याच गल्लीत सातवीत शिकणारा एक मुलगा नाल्याच्या पुलाखालून ते घेऊन आला. काळ्या रंगाचे, छातीवर पांढरा ठिपका. महिनाभराचे असेल-नसेल. मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते. त्या माउलीने पोराच्या हौसेखातर घरातला चहा एक वेळचा केला आणि रोज म्हशीच्या दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी पिल्लासाठी वेगळी काढली. तिसऱ्या दिवशी पिल्लाला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. आजीने मीठ-मिरची ओवाळून टाकली आणि गळ्यात काळा दोरा बांधला. औषधाच्या एका दुकानातून माणसाची जुलाब थांबवायची गोळी आली, तीही चुरून दुधातूनच पाजली. पाचव्या दिवशी आमच्याकडे आणले तेव्हा पिल्लाच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर परत जात नव्हती. पोट मात्र ढोलकीसारखे टम्म. रिक्षा करून दवाखान्यात नेले, सलाईन लागले, रात्री ते गेले. मुलगा दोन दिवस शाळेत गेला नाही.

यात त्या घराचा दोष आम्ही काढत नाही. चहा तोडून दूध देणाऱ्यांना निष्काळजी कोण म्हणेल? पण त्या पाच दिवसांच्या दुधाच्या पैशात पिल्लाचे जंताचे औषध येऊन वर चार अंडी आली असती. प्रेम कमी पडले नाही, माहिती कमी पडली. ती त्यांच्यापर्यंत पोहोचवणे आमचे काम होते. आम्ही रोज त्याच गल्लीतून जात होतो आणि दारातली दुधाची वाटी पाहत होतो. ‘चांगलं गुटगुटीत होऊ द्या,’ असे एकदा हसून म्हणालोही होतो. ते हसणे आम्हाला अजून टोचते.

तर सगळ्यात आधी दुधाचे पाहू. पिल्लू म्हणजे दूध हे आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की दूध वाईट असे म्हटले तर लोक आमच्याकडेच संशयाने बघतात. कुत्रीचे दूध आणि गाईचे दूध दिसायला दोन्ही पांढरे, एवढेच साम्य. गाईच्या दुधात शंभर भागांत पावणेपाचच्या आसपास दुधाची साखर असते, कुत्रीच्या दुधात साडेतीनच्या जवळपास. उलट कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त. म्हणजे पिल्लाला जे हवे ते गाईच्या दुधात कमी, आणि जे सोसत नाही ते जास्त. म्हशीच्या दुधाला साय जाड येते म्हणून ते ताकदीचे, असा आणखी एक समज आहे. साखरेच्या बाबतीत तेही गाईच्याच पंक्तीला बसते. आईचे पिणे सुटू लागले की दुधाची साखर पचवणारा रस पिल्लाच्या आतड्यात कमी कमी होत जातो. न पचलेली साखर खाली मोठ्या आतड्यात उतरते, तिथे आंबते, गॅस धरते आणि अंगातले पाणी आतड्यात ओढून घेते. तेच पाणी जुलाब होऊन बाहेर पडते. मग घरचे म्हणतात, अशक्त झालंय, आणखी दूध द्या!

एखाद्या पिल्लाला दूध पचतेही. गावाकडे दूध-भाकरीवर वाढलेली कुत्री आम्हीही पाहिली आहेत. पण त्याच खेपेतली जी मेली, त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. दही किंवा पातळ ताक चमचा-दोन चमचे चालते, कारण विरजणात साखर बरीचशी मोडलेली असते. मात्र ते आंबट नसावे आणि मीठ-जिरे घातलेले नसावे.

दुसरी गोष्ट वयाची. पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडूच नये. आईचे दूध सुटायला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरुवात होते आणि सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत ते सुटत जाते. त्या काळात पिल्लू नुसते दूध पीत नाही. किती जोरात चावायचे नाही, हेही भावंडांत लोळताना शिकते. लवकर आणलेले पिल्लू पुढे जास्त चावरे निघाल्याचे आम्ही अनेकदा पाहिले. मुलांना आम्ही सांगतो, पिल्लू आवडले ना, मग ते जिथे आहे तिथेच राहू दे. त्याच्या आईला रोज भात-अंडे नेऊन घाल. आई खाईल ते पिल्लाला पोहोचेल. दोन महिने झाले की घरी आण.

वय ओळखायचे कसे? डोळे दहा ते चौदा दिवसांच्या सुमारास उघडतात. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टोचायला लागतात. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडात बारीक सुयांसारखे दात सगळीकडे दिसतात आणि ते नीट पळते. बोट घातल्यावर हिरडी मऊ लागली, तर ते पिल्लू तुमच्या घरी यायच्या वयाचे नाही.

आई गाडीखाली मेली आणि पिल्लू खरोखरच पोरके झाले, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी पिल्लांसाठी तयार मिळणारी दुधाची भुकटी जनावरांच्या औषधांच्या दुकानातून आणावी. महाग पडते, पण दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न असतो. पाजण्याआधी पिल्लू गरम करावे. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचतच नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. तान्ह्या बाळासारखे उताणे धरून कधीच पाजू नये, दूध फुप्फुसात जाते. पोटावर पालथे ठेवून, मान किंचित वर, तसे पाजावे. आणि पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलके पुसावे. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू होत नाही, आई चाटते तेव्हा होते. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे पोट फुगून गेलेली पिल्ले आम्ही पाहिली आहेत.

आता दोन महिन्यांचे, चुणचुणीत पिल्लू घरी आले असे समजू. पहिल्या दिवशी अख्खी गल्ली गोळा होते. कोणी बिस्किट देतो, कोणी पोळीचा तुकडा, कोणी रश्श्यात बुडवलेला पाव. रात्री पिल्लू ओकते. पहिले तीन-चार दिवस पिल्लाला ते जिथे होते तिथे जे मिळत होते तेच द्यावे, आणि ते एकाच माणसाने द्यावे. जागा बदलली, आई सुटली, एवढ्यानेच त्याचे पोट हललेले असते. मग नवे अन्न हळूहळू आत घ्यावे. आधी चार घासांत एक घास नवा, दोन-तीन दिवसांनी अर्धे-अर्धे, मग तीन घास नवे, असे करत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदलावे. घाई केली की जुलाब ठरलेले.

काय द्यावे, यावर आमचे मत वस्तीतल्या तरुण पोरांशी जुळत नाही. त्यांना वाटते पाकिटातले खाद्य दिल्याशिवाय कुत्रे कुत्रे होत नाही. पाकिटातले खाद्य वाईट नाही. पिल्लांसाठी म्हणून जे मिळते त्यात सगळे मोजून घातलेले असते आणि कोमट पाण्यात भिजवून दिले तर ते चांगले पचते. ज्याला परवडते त्याने जरूर द्यावे. पण पोत्यातून सुटे विकत मिळते ते उघडे राहून खवट झालेले असते, ते घेऊ नका. आणि महिन्याचा किराणा मागे ठेवून पाकीट आणायची काहीही गरज नाही. पिल्लाला लागते ते बहुतेक आपल्याच चुलीवर शिजते. फक्त ते फोडणीच्या आधी बाजूला काढले पाहिजे.

दोन किलो वजनाच्या, दोन महिन्यांच्या पिल्लाचा दिवसभराचा अंदाज असा: एक उकडलेले अंडे, मूठभर म्हणजे ७५-८० ग्रॅम शिजवलेले कोंबडीचे मांस, आणि वाटीभर मऊ भात. त्यात चमचाभर उकडून कुस्करलेला लाल भोपळा किंवा गाजर. हे चार वेळांत विभागून द्यायचे, कारण पिल्लाचे पोट मुठीएवढे असते. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. पिल्लू वाढेल तसे अन्न वाढवायचे. फासळ्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना उठून दिसू नयेत, ही खूण लक्षात ठेवा. दर रविवारी किराणावाल्याच्या काट्यावर वजन करा. आमच्या गल्लीतला दुकानदार आधी कुरकुरला, आता तोच ‘मागच्या खेपेपेक्षा दोनशे ग्रॅम जास्त आहे’ म्हणून ओरडून सांगतो.

कोंबडीच्या दुकानात पाय आणि मुंड्या स्वस्त मिळतात, कधी तशाच देतात. स्वच्छ धुऊन, नखे कापून, कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या देऊन शिजवा. मग हाड वेगळे करून वरचे मांस, कातडी आणि ते पाणी भातात कालवा. शिजवलेले हाड पिल्लाला देऊ नका. ते फुटून त्याची टोके घशात आणि आतड्यात रुततात. ‘कुत्रं हाड नाही खाणार तर काय खाणार?’ असे विचारणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगतो की आतड्यात हाडाची कपची अडकलेले कुत्रे टेबलावर धरून ठेवायची वेळ आमच्यावर आलेली आहे. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, तुकडाभर. रोज नको. वजडी स्वच्छ करून, नुसत्या पाण्यात मऊ शिजवलेली उत्तम, पण थोड्यापासून सुरुवात करावी.

नुसत्या वरण-भातावर पिल्लू जगते, पण नीट वाढत नाही. पोट भरते आणि हाडे वाकतात. त्यातही नुसते मांस आणि भात दिला तर चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडते, आणि पुढचे पाय कमानीसारखे होतात. अंड्याची टरफले धुऊन, उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करावीत. एवढ्या पिल्लाला दिवसाला पाव ते अर्धा चहाचा चमचा पुरे. जास्त नको. जे पाकिटातलेच खाते त्याला तर अजिबातच नको.

आणि आता आपली खरी अडचण. आपल्या घरातले मटण-चिकन म्हणजे कांदा, लसूण, खोबरे, खसखस यांचे वाटण आणि वर लाल तर्री. आम्ही विदर्भातली माणसे, तर्रीशिवाय आम्हाला घास उतरत नाही. पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून पूड केलेला असो, तो विषारीच. एखाद्या दिवशी ताट चाटले म्हणून कुत्रे मरत नाही. पण रोजच्या रश्श्यात भाकर कुस्करून घातली तर पिल्लू फिकट पडत जाते, लघवी गडद होते, आणि कोणाला कारण कळत नाही. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होते. चॉकलेट, चहा, कॉफी यांपासून दूर ठेवा. दारूचा घोट पिल्लाला पाजून त्याची झिंग पाहत बसलेली माणसेही आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यासाठी या पानावर जागा घालवत नाही.

पाणी मात्र कायम समोर असू द्या, मातीच्या किंवा स्टीलच्या पसरट भांड्यात, रोज बदलून. नळाला एक दिवसाआड पाणी येते हे आम्हालाही माहीत आहे. घरच्या माणसांसाठी जे भरून ठेवता तेच त्याला द्या, नालीच्या पाण्यावर सोडू नका.

इतके सांभाळूनही पिल्लाचे पोट बिघडते, कारण बहुतेक पिल्ले जन्मतःच जंत घेऊन येतात. आईच्या अंगात दडलेले गोल जंत पिल्लू पोटात असतानाच त्याच्यात उतरतात, आणि दुधातूनही जातात. टम्म पोट, वर आलेल्या फासळ्या, राठ केस, आणि शीमध्ये किंवा ओकारीत शेवयांसारखे पांढरे धागे, ही त्याची लक्षणे. आपल्याकडे टम्म पोटाला खाते-पिते पोट म्हणतात. त्या काळ्या पिल्लाचे पोट पाहून आम्हीसुद्धा गुटगुटीत म्हणालो होतो ना! जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत, आणि नंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्याला, असे देण्याची पद्धत आहे. ते वजनावर मोजून द्यायचे असते. म्हणून पिल्लू घरी आले की पहिला खर्च पट्ट्याचा नाही, घुंगरांचा नाही, जंताच्या औषधाचा.

हा खर्च पिल्लासाठी आहे असे समजू नका. हे गोल जंत आणि आकडेकृमी माणसालाही सोडत नाहीत. पिल्लाच्या शीतून अंडी मातीत पडतात आणि कित्येक महिने टिकतात. मातीत खेळणारे मूल तोच हात तोंडात घालते. त्यातून निघालेल्या अळ्या माणसाच्या अंगात भटकतात, क्वचित डोळ्यापर्यंतही जातात. आकडेकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि नागमोडी, खाजणारी रेघ उमटते. १० फेब्रुवारीला शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना जंताची गोळी देतात, ती चुकवू नका. पण घरातल्या पिल्लाला औषध न देता नुसत्या मुलांना गोळी देणे म्हणजे गळक्या छपराखाली बसून फरशी पुसणे.

पातळ शी आणि भयंकर आजार यांतला फरक घरच्यांना कळला पाहिजे. पिल्लू खेळते आहे, खाते आहे, नुसती शी सैल आहे, तर एक-दोन दिवस दूध-बिस्किट सगळे बंद करून मऊ भात, त्यात बारीक केलेले उकडलेले चिकन, चमचाभर दही आणि लाल भोपळा, असे थोडे थोडे पाच-सहा वेळा द्या. जुलाब होतात म्हणून पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवू नका. मोठे कुत्रे उपास सोसते, पिल्लाची साखर उतरते आणि ते थरथरत कोसळते. तसे झालेच तर बोटाने गुळाचे किंवा साखरेचे पाणी हिरडीला चोळा आणि तसेच दवाखान्यात न्या. माणसाची औषधे देऊ नका. तापाची आणि अंगदुखीची साधी गोळीसुद्धा कुत्र्याचा जीव घेऊ शकते, आणि जुलाब बांधणारी गोळी आतली घाण आतच कोंडते.

पण पिल्लू पुन्हा पुन्हा ओकत असेल, शीमध्ये रक्त असेल, तिला सडक्या मांसासारखा उग्र वास येत असेल, ते कोपऱ्यात मान टाकून पडले असेल, तर उद्याची वाट पाहू नका. हा पार्वो असू शकतो. हा विषाणूचा आजार जगात पहिल्यांदा १९७८ च्या सुमारास ओळखला गेला. आज तो प्रत्येक वस्तीत आहे. सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना तो सर्वांत जास्त धरतो. त्याला मारणारे औषध नाही. सलाईन, ओकारी थांबवणारी इंजेक्शने आणि लवकर सुरू केलेले उपचार यांवर पिल्लू वाचते. लस मात्र आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. एकच सुई टोचून आणली आणि काम झाले असे समजणारे लोकच ‘लस देऊनही गेलं’ म्हणतात. सगळ्या सुया पूर्ण होईपर्यंत पिल्लाला नाक्यावर, उकिरड्यावर फिरवू नका. ज्या घरात पार्वोने पिल्लू गेले तिथे फिनाईल ओतून उपयोग नाही, हा विषाणू फिनाईलला दाद देत नाही आणि मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो. कपडे धुण्याचे ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, असे करून फरशी आणि भांडी दहा मिनिटे ओली ठेवा. तरीही निदान वर्षभर त्या घरात लस न झालेले पिल्लू आणू नका.

आता काळ्या दोऱ्याविषयी. दारावर पंचशील ध्वज, आत भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची चौकट, आणि पिल्लाच्या गळ्यात काळा दोरा! आजीला आम्ही काही बोललो नाही. ती तिच्या जिवापाड करत होती. पण घरातल्या शिकलेल्या मुलाने, सुनेने बोलायला हवे होते. दोऱ्याने नुकसान होत नाही असे म्हणतात. होते. दोरा बांधला की दोन दिवस वाट पाहिली जाते, आणि पिल्लाच्या जुलाबात ते दोन दिवसच जगण्या-मरण्याचे असतात.

विहारात आम्ही हे बोललो तेव्हा मागच्या सतरंजीवरून एक वयस्क बाबा उठले. म्हणाले, ‘महाडच्या तळ्यावर कुत्र्या-मांजरांले पाणी होतं, आपल्याले नव्हतं. अन् तुम्ही आता कुत्र्याचे लाड शिकवता? आधी माणसाच्या पोरांचं पाहा.’ सभा गप्प झाली. बाबांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. १९२७ साली चवदार तळ्यावर खरोखरच जनावराला मज्जाव नव्हता आणि माणसाला होता, आणि ती जखम बोलून दाखवायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण तिथे पाणी पिणाऱ्या कुत्र्याने आपल्याला अडवले नव्हते. अडवणारे दोन पायांचे होते. आणि राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेला बाबासाहेबांचा घरच्यांसोबतचा फोटो पाहा. रमाई आहेत, यशवंतराव आहेत, लक्ष्मीबाई आहेत, मुकुंदराव आहेत, आणि त्यांच्यासोबत टॉबी नावाचा कुत्राही आहे. बाबासाहेबांचा तो लाडका. आम्ही बाबांना तो फोटो मोबाइलवर दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘बरं, पण दूध नको न द्यायचं?’ त्यांच्याही घरी पिल्लू होते, हे आम्हाला तेव्हा कळले.

माणसाच्या पोरांचे पाहायचे म्हणूनच आणखी एक गोष्ट सांगतो. पिल्लू चावते, ओरखडते. दात येताना तर सगळेच चावते. मुले घरी सांगत नाहीत, कारण सांगितले तर पिल्लू जाईल ही भीती. इवल्याशा पिल्लाला कुठली आली पिसाळी, असे मोठी माणसेही म्हणतात. पिल्लालाही रेबीज होतो. त्याच्या आईला कोण चावले होते ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांनंतर मिळते. म्हणून दाताचा ओरखडा जरी उठला, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तिथे लस मोफत आहे, आणि डॉक्टर लिहून देतील त्या सगळ्या तारखांना जा. दोन सुया घेऊन कामावर निघून जाऊ नका, कारण हा आजार एकदा उमटला की परत फिरत नाही. मुलांना रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती लपवतील. पिल्लाच्या रेबीजच्या लसीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. ६ जुलैला आणि २८ सप्टेंबरला अनेक ठिकाणी ती फुकट टोचतात.

आणि शेवटी एक विषय, जो काढला की सगळे इकडे-तिकडे बघतात. पिल्लाची शी उचलायची कोणी? लोक सकाळी पिल्लाला गल्लीच्या तोंडाशी सोडतात आणि ते करून आले की दार लावून घेतात. नंतर झाडूवाली बाई येते. ती कोणाच्या घरची आहे? आपल्याच. आपल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी सफाई खात्यात आहे. दुसऱ्याची घाण उचलायला लावणाऱ्यांवर आपण भाषणे करतो आणि आपल्या कुत्र्याची घाण तिच्या झाडूसाठी ठेवतो. जंत आणि पार्वो पसरतात तेही याच घाणीतून. जुन्या वर्तमानपत्राचा कागद, नाहीतर पिशवी हातात उलटी घालून ज्याचे पिल्लू त्याने शी उचलावी, कचऱ्याच्या गाडीत टाकावी किंवा घरामागे जागा असेल तर खोल पुरावी, आणि साबणाने हात धुवावेत. सातवीतला तो मुलगा आता आठवीत आहे. यंदा त्याने पुलाखालची दोन महिन्यांची मादी आणली आहे. तिच्या जंताच्या औषधाची तारीख त्याने कॅलेंडरवर लिहिली आहे, आणि रोज सकाळी शाळेआधी तो कागद घेऊन तिच्या मागे फिरताना दिसतो. बाकीची पोरे हसतात. त्याचे तिकडे लक्ष नसते.